वंशावळ-संशोधन, चंद्रपूर-गडचिरोली प्रदेशातील
वंशावळ-संशोधन : कुळातील व्यक्तींचा पिढ्यांच्या क्रमाने व साधार शोध घेणे, यास वंशावळ-संशोधन म्हणतात. चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत ते मौखिक परंपरा व महसुली दप्तर या दोहोंच्या आधारे करावे लागते. परंपरेतून कुळाचे नाते कळते, तर दप्तरातून गाव व वर्ष निश्चित होते.

मौखिक परंपरा : गोंड समाजातील कुळे सामान्यतः चार, पाच, सहा व सात देवांच्या गटांत विभागलेली आहेत. समान देवसंख्येची कुळे परस्परांना भाऊबंद मानतात व त्यांच्यात विवाह निषिद्ध असतो. सोयरीक ठरविताना कुळ व देवसंख्या पाहिली जात असल्याने हे ज्ञान घरोघरी टिकून राहिले. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट असून यजमान कुळांच्या वंशकथा ते तंतुवाद्याच्या साथीवर गात आले आहेत. मात्र मौखिक वंशावळीत आद्य पूर्वज व अलीकडील पिढ्या ठळक राहतात. मधल्या पिढ्या पुष्कळदा गळतात.

दप्तरी साधने : जमाबंदीच्या मिसली, अधिकार अभिलेख, कोतवालाकडील जन्ममृत्यूच्या नोंदी व शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर ही प्रमुख साधने होत. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला; त्यापूर्वीचे कागद चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांद्याच्या, दप्तरात शोधावे लागतात. गावाच्या नावापुढील माल, चक, तुकूम वा रिठ हा शब्दही महत्त्वाचा असतो, कारण त्यावरून सारख्या नावाची निराळी महसुली गावे ओळखता येतात. रिठ म्हणजे उजाड गाव. तेथील कुटुंबांचा माग स्थलांतरित गावी घ्यावा लागतो. जुन्या नोंदींत कुळनाम नसून केवळ व्यक्तीचे व बापाचे नाव असल्यास ओळख अधिकच अवघड होते.

उपयोग : अनुसूचित जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत १९५० पूर्वीच्या नोंदींना विशेष महत्त्व असते. कुळ, दैवते व चालीरीती यांवरून होणारी आप्तभाव चाचणी ही एकमेव निर्णायक कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. पूर्वीच्या अभिलेखांतील रहिवाशापर्यंत पोहोचणारी वंशावळ व वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदन हे पुरावे २००८ च्या नियमांत ग्राह्य धरले आहेत. अशा प्रसंगी आजा व नातू यांना जोडणारी एक नोंद न सापडल्यास कसत असलेल्या जमिनीवरील दावाच दुबळा होतो.

यास्तव वृद्धांचे कथन, विशेषतः माहेर व सासर यांच्या गावांसह, प्रथम टिपून घ्यावे व नंतर दप्तर पाहावे. दोहोंत विसंगती आढळल्यास दोन्ही नोंदी राखाव्यात. अशा शोधात दुरावलेले भाऊबंद व उजाड गावांची नावे पुन्हा उजेडात येतात. कथन करणारी पिढी मात्र ओसरत असून तिच्याबरोबर गेलेली माहिती दप्तरातून भरून काढता येत नाही.