जुने खेळाडू मोठे की आजचे? हिशेब पुरता मांडा!

क्रिकेटचा सामना टीव्हीवर सुरू असला, की आपल्याकडे घरोघरी आणखी एक सामना रंगतो. तो असतो आजोबा आणि नातवाचा. आजोबा म्हणतात, "गावसकर हेल्मेट न घालता वेस्ट इंडिजच्या वेगवान गोलंदाजांपुढे उभा राहायचा. आताच्या पोरांना जमेल का ते?" नातू म्हणतो, "आजोबा, तुमच्या वेळी वीस षटकांत दोनशे धावा कोणी काढत होतं का?" मधल्या पिढीतले वडील सचिनचे नाव घेऊन दोघांनाही गप्प करू पाहतात. चहा निवून जातो, पण निकाल काही लागत नाही. हाच वाद चाळीच्या कट्ट्यावर चालतो, लोकलच्या डब्यात चालतो आणि कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीतही चालतो.

या वादात आम्हाला गैर काही वाटत नाही. ज्या घरात तीन पिढ्या एकत्र बसून बोलतात, ते घर सुखीच म्हणायचे. पण आम्ही पडलो कारकून. कीर्द-खतावणीत वर्षे गेली. हिशेबाचा एक साधा नियम आहे. १९७१ सालचा रुपया आणि आजचा रुपया एकाच रकान्यात मांडून बेरीज करता येत नाही. आधी त्या त्या वर्षीचा बाजारभाव पाहावा लागतो. खेळाडूंचेही तसेच आहे. धावा, बळी, सेकंद हे आकडे खरे असतात, पण त्यांच्यामागचा भाव दर काळात निराळा असतो. तो न पाहता 'जुने ते सोने' म्हणणारे जितके चुकतात, तितकेच 'जुने ते टाकाऊ' म्हणणारेही चुकतात.

साधनांचा फरक

एक उदाहरण पाहू. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या जेसी ओवेन्सने १०० मीटरची शर्यत १०.३ सेकंदांत जिंकली. २००९ साली त्याच बर्लिनमध्ये, त्याच स्टेडियममध्ये, जमैकाच्या युसेन बोल्टने हेच अंतर ९.५८ सेकंदांत कापून जागतिक विक्रम केला. फरक किती? पाऊण सेकंदाहूनही कमी. आता भाव पाहा. ओवेन्स धावला तो कोळशाच्या खरीने केलेल्या भुसभुशीत वाटेवर. पाय रोवण्यासाठी ठोकळे नव्हते. धावपटू हातात छोटे खुरपे घेऊन आपापले खड्डे खणत आणि त्यात पाय रोवून सुटत. ऑलिंपिकमध्ये ठोकळे आले ते १९४८ साली. बोल्टला कृत्रिम धावपट्टी मिळाली, ठोकळे मिळाले, प्रशिक्षक आणि आहारतज्ज्ञ मिळाले. यात बोल्टचा दोष नाही आणि त्याचा मोठेपणाही उणावत नाही. त्याच्या काळात सर्वांनाच ही साधने होती आणि त्या सर्वांना त्याने मागे टाकले. पण दोन वेळांमधली वजाबाकी करून "ओवेन्स हळू धावायचा" असे म्हणणे म्हणजे पायी चालत शाळेत जाणाऱ्या मुलाला सायकलवाल्यापेक्षा आळशी ठरवण्यासारखे आहे.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासाचा खर्च लोकांकडून वर्गणी आणि उसनवारी करून जमवावा लागला होता. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसमध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेला, नेमबाजीत. मध्ये ७२ वर्षे गेली. या दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न आम्हाला पडत नाही. आम्हाला प्रश्न पडतो तो हा, की त्या ७२ वर्षांत किती खाशाबा तिकिटाच्या पैशाअभावी गावच्या आखाड्यातच राहिले असतील?

नव्यांचीही बाजू आहे

वडीलधाऱ्यांनी रागावू नये, पण नातवाचीही बाजू ऐकली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांची कसोटीतली सरासरी ९९.९४. तिच्या जवळपासही आजवर कोणी पोहोचलेले नाही. पण ब्रॅडमन एकूण ५२ कसोटी खेळले, त्यांतल्या ३७ एकट्या इंग्लंडविरुद्ध. कसोटी खेळले ते दोनच देशांत, ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्ये. आपला सचिन १९८९ ते २०१३ अशी २४ वर्षे खेळला. २०० कसोटी, १५,९२१ धावा, ५१ शतके. शिवाय ४६३ एकदिवसीय सामने, जो प्रकार ब्रॅडमन यांच्या काळात अस्तित्वातच नव्हता. आज फलंदाजाचा प्रत्येक फटका चित्रफितीवर टिपला जातो. त्याचा कच्चा दुवा प्रतिस्पर्धी संगणकावर शोधून ठेवतात. वर्षभर विमानातून विमानात, मैदानातून मैदानात. हेही सोपे नाही.

खुद्द ब्रॅडमन यांनी सचिनचा खेळ पाहून, त्यात आपल्या खेळाची आठवण होते असे म्हटले होते. मोठी माणसे नव्यांकडे कशी पाहतात, हे यातून शिकण्यासारखे आहे.

फाटकाबाहेर कोण होते?

इथवरचे मुद्दे बहुतेक क्रीडाप्रेमींना ठाऊक असतात. खेळपट्टी, बॅट, हेल्मेट, आहार यांवर तावातावाने बोलणे होते. पण एक प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. त्या काळात मैदानाच्या फाटकातून आत कोणाला सोडत होते? आणि बाहेर कोणाला ठेवले होते?

अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आपल्याकडच्या क्रिकेटइतका लोकप्रिय. तिथेही जुने-नवे हा वाद पिढ्यानपिढ्या चालतो. बेब रूथचे ७१४ होमरन, टाय कॉबची फलंदाजीची सरासरी, ही नावे तिथे देवाच्या नावासारखी घेतली जात. पण या दोघांच्या काळात त्यांच्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश नव्हता. तसा छापील नियम नव्हता, मालकांचे आपसातले संगनमत होते. आपल्याला हा प्रकार नवा नाही! कृष्णवर्णीयांनी मग आपल्या वेगळ्या लीग काढल्या. त्यांना निग्रो लीग म्हणत. त्यांत जॉश गिब्सन नावाचा असा फलंदाज होता, की पाहणारे थक्क होत. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी तो वारला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगमध्ये उतरला आणि विसाव्या शतकातला तो वर्णभेद मोडला. गिब्सनसाठी मात्र फाटक उघडले ते उशिरा.

पुढे काय झाले ते अधिक महत्त्वाचे. २०२० साली अमेरिकेच्या बेसबॉल संघटनेने १९२० ते १९४८ या काळातल्या निग्रो लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला. मे २०२४ मध्ये त्या खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदवहीत चढवले. आणि काय दिसले? फलंदाजीच्या सार्वकालिक सरासरीत टाय कॉब .३६७ वर होता. त्याच्या वर जॉश गिब्सन आला, .३७२! जे नाव शंभर वर्षे पहिले होते, ते दुसरे झाले. काहींनी तक्रार केली, की निग्रो लीगचे सामने कमी असत, नोंदीही अपुऱ्या आहेत. तक्रार खोटी नाही. पण सामने कमी का होते आणि नोंदी अपुऱ्या का राहिल्या, याचे उत्तर त्याच बंद फाटकात आहे. शिवाय रूथ आणि कॉब यांचे आकडेही देशातल्या सर्वोत्तम गोलंदाजांपैकी कित्येकांना बाहेर ठेवूनच झालेले आहेत, हे कोणी विसरू नये.

आपल्या बाळूंचे काय?

आता आपल्या घरात येऊ. भारताचा सर्वश्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज कोण, हा वाद आजही रंगतो. विनू मंकड यांचे कसोटी बळी १६२, बिशनसिंग बेदी यांचे २६६, रवींद्र जडेजाने २०२४ मध्ये ३०० चा टप्पा ओलांडला. या यादीत बाळू पालवणकरांचे नाव कोणी घेत नाही.

बाळूंचा जन्म १८७६ चा, चर्मकार समाजातला. पुण्यात पारशी क्रिकेट क्लबवर खेळपट्टी झाडणे, लाटणे हे त्यांचे काम आणि पगार महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर नोकरी लागली. तिथे जाळ्यात साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायची. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. पुढे हिंदू संघाला त्यांच्या गोलंदाजीची गरज पडली, तेव्हा मैदानात तोच चेंडू सर्वांच्या हातातून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा! १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते मिळाले १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, आणि त्या वर्षी चौरंगी स्पर्धा हिंदू संघाने जिंकली.

भारताने पहिली कसोटी खेळली १९३२ साली. तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. म्हणजे त्यांच्या नावापुढे कसोटी बळींच्या रकान्यात शून्य नाही. रकानाच आखलेला नव्हता. हिशेब लिहिणाऱ्याला हा फरक लगेच कळतो, क्रीडाप्रेमींनाही तो कळावा, एवढेच आमचे म्हणणे.

इथे आपल्याच लोकांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. बाळू पुढे राजकारणात वेगळ्या वाटेने गेले. १९३७ साली मुंबईत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यामुळे आपल्यातले काहीजण त्यांचे नाव घेताना आखडतात. पण मतपेटीचा निकाल मतपेटीजवळ ठेवावा. अस्पृश्यांच्या ज्या तरुण पिढीला बाळूंच्या गोलंदाजीने मान वर करून चालायला शिकवले, त्या पिढीत तरुण भीमरावही होते. सवर्णांच्या इतिहासाने त्यांना अर्धवट विसरायचे आणि उरलेले आपण विसरायचे, हे बरे नव्हे.

लेकींचाही रकाना हवा

हाच न्याय मुलींना लावा. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा घरोघरी लोक नाचले. त्या वेळी कोणी म्हणाले, "पूर्वीच्या बायका कुठे असं खेळत होत्या?" पूर्वीच्या बायकांची हकीकत ऐका. भारतीय महिला संघ पहिली कसोटी खेळला १९७६ साली. मुंबईची डायना एडलजी तेव्हापासून १९९१ पर्यंत खेळली. त्या पंधरा वर्षांत तिला मिळाल्या अवघ्या २० कसोटी. बळी घेतले ६३. त्या मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास करीत आणि जागा मिळेल तिथे पथारी टाकीत. महिला क्रिकेट भारतीय नियामक मंडळाच्या छत्राखाली आले २००६ साली आणि पुरुषांइतके सामन्याचे मानधन जाहीर झाले २०२२ साली. आजच्या मुली ज्या शिडीवर उभ्या आहेत, तिच्या खालच्या पायऱ्या या बायांनी रचल्या.

मुलांना काय सांगाल?

वाचकहो, हा सगळा खटाटोप कशासाठी? सुट्टीच्या दिवशी घरातला वाद जिंकण्यासाठी नव्हे. आपली मुले हे वाद ऐकत असतात. ज्या यादीत आपल्यासारख्यांचे एकही नाव नाही, ती 'सर्वश्रेष्ठांची यादी' म्हणून त्यांच्यापुढे रोज वाचली गेली, तर पोराच्या मनात नकळत बसते की आपल्या लोकांना हे जमतच नव्हते. मग ते बॅट हातात घेण्याआधीच हरते. म्हणून पुढच्या वेळी जुने-नवे हा वाद निघाला की तीन प्रश्न विचारा. त्याच्याजवळ साधने कोणती होती? त्याच्यासमोर कोण खेळत होते? आणि त्याच्या वेळी फाटकाबाहेर कोणाला उभे केले होते? पहिले दोन प्रश्न आजोबा आणि नातू यांचे भांडण मिटवतील. तिसरा दोघांनाही विचार करायला लावील.

आणखी एक काम आपल्या हातातले आहे. आपल्या वस्तीत कबड्डीचे, खो-खोचे, कुस्तीचे, फुटबॉलचे एकेकाळचे नामी खेळाडू आजही आहेत. गिरणीत, गोदीत, रेल्वेत नोकऱ्या करून ते संध्याकाळी मैदान गाजवीत. त्यांच्या नोंदी कुठल्याच वहीत नाहीत. शाळा-कॉलेजातल्या आपल्या मुलामुलींनी एक वही करावी. या माणसांजवळ बसून संघाचे नाव, साल, कोणाविरुद्ध खेळले, किती गुण झाले, हे विचारून लिहून घ्यावे. एखादा जुना फोटो मिळाला तर मागे नावे लिहून जपावा. निग्रो लीगच्या नोंदी कोणीतरी जुन्या वर्तमानपत्रांतून चिकाटीने गोळा केल्या, म्हणूनच मृत्यूनंतर ७७ वर्षांनी का होईना, गिब्सनचे नाव यादीत पहिले आले. आपल्या माणसांची वही आपण आज लिहायला घेतली, तर तेवढी वर्षे थांबावे लागणार नाही.