सदोष ध्वनिवर्धकाची एक कथा

विद्युत्-गिटारीच्या घरघरत्या स्वरास 'फझ' म्हणतात. तो स्वर काढणारी पेटी रॉक-वादकांच्या गरजेंतून निघाली, असा समज आढळतो. तो तपासून पाहणें अवश्य आहे.

टेनेसी राज्यांतील नॅशव्हिल हें 'कंट्री' संगीताचें मुख्य ठाणें. तेथें ओवेन ब्रॅडली यांच्या 'क्वान्सेट हट' नामक ध्वनिमुद्रणगृहांत १९६० सालीं मार्टी रॉबिन्स यांचें 'डोन्ट वरी' हें गीत मुद्रित झालें. ग्रेडी मार्टिन सहा तारांची बास गिटार वाजवीत होते. मिश्रणयंत्रांत त्यांच्या वाट्यास आलेल्या ध्वनिवर्धकाचा ट्रान्सफॉर्मर बिघडला. ध्वनिलहरींचे माथे कापले जाऊन मुळांत नसलेले उपस्वर उत्पन्न झाले, व स्वर फाटका उमटला. तो पुसून न टाकतां तसाच ठेवण्यांत आला. १९६१ सालीं गीत कंट्री-यादींत अग्रस्थानीं पोंचलें.

पुढें तोच स्वर इतरांसही हवासा झाला. पण तोंपर्यंत तो सदोष भाग पुरता निकामी झाला होता! तेव्हां ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनीं रेव्हिस हॉब्स यांच्या साह्यानें ट्रान्झिस्टर योजून तोच दोष बुद्धिपुरःसर निर्माण केला. गिब्सन कंपनीनें १९६२ सालीं ती पेटी 'मेस्ट्रो फझ-टोन' या नांवानें विक्रीस आणली. रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' गीतानें ती गाजली, तें १९६५ सालीं.

फाटका स्वर मेंफिसच्या 'रॉकेट ८८' या १९५१ च्या मुद्रिकेंतही ऐकूं येतो. त्याचें आद्यत्व नॅशव्हिलकडे जात नाहीं. पेटीचें मात्र जातें. अपप्रयोगही रूढीनें साधु ठरतो, हें वैयाकरणांस ठाऊकच आहे. परंतु रूढि कोणीं पाडली, याची नोंद ठेवणें इतिहासाचें काम होय.