श्रेय मायक्रोवेव्हचं की उष्णतेचं?

भर उन्हात क्षेत्ररक्षण करणारा क्रिकेटपटू नाकावर पांढरा लेप फासतो, तो झिंक ऑक्साइडचा. ही पूड तापवली की पिवळी पडते, निवली की पुन्हा पांढरी. तिचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जापट्ट्यात उचलायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणून ती अतिनील किरण शोषते. झिंकच्या क्षारापासून मायक्रोवेव्हमध्ये ती काही मिनिटांत तयार होते. मात्र कण जेमतेम काही नॅनोमीटरचे राहिले तर बँड गॅप वाढतो, आणि स्फटिकात दोष उरले तर अतिनील प्रकाशात पूड हिरवट चमकते. यावरून ‘मायक्रोवेव्हने गुणधर्म बदलले’ असं सर्रास लिहिलं जातं. ते घाईचं आहे. २.४५ गिगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा या बँड गॅपच्या जेमतेम सव्वातीन लाखाव्या भागाइतकी. खोलीच्या तापमानाला अणूंची जी थरथर असते, तिच्यापुढेही ती नगण्य. तिने थेट बंध तुटणार नाहीत. फरक पडतो तो उष्णता किती झपाट्याने आणि कुठे पोचते, याने.

यावर पेन स्टेट विद्यापीठातल्या रुस्तम रॉय यांचा दाखला दिला जातो, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. मायक्रोवेव्हची विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं वेगळी करून त्यांच्या गटाने काही ऑक्साइडांची स्फटिकरचना काही सेकंदांत मोडल्याचं २००२मध्ये मांडलं. उलट बाजूला ऑस्ट्रियातल्या ग्राझचे ऑलिव्हर काप्पे. त्यांनी सिलिकॉन कार्बाइडची कुपी वापरली; तिची भिंतच लहरी शोषते आणि आत फक्त उष्णता जाते. तरीही बहुतेक अभिक्रियांचे निकाल काचेच्या कुपीसारखेच आले. अर्थात त्या मुख्यतः द्रावणातल्या सेंद्रिय अभिक्रिया होत्या. कोरड्या पुडीचा निवाडा त्यांवरून होत नाही.

तो व्हायचा तर आधी तापमान कळायला हवं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. थर्मोकपलची धातूची तार क्षेत्रच बिघडवते, प्रसंगी ठिणग्या टाकते. इन्फ्रारेड मापक फक्त पृष्ठभाग पाहतो. गाभा अनेकदा त्याहून तापलेला असतो. शिवाय त्याचं गणित पृष्ठभागाच्या उत्सर्जनक्षमतेवर चालतं, म्हणजे जो प्रकाशीय गुण बदलतोय असं म्हणायचं, त्याच्याच भरवशावर मोजमाप! त्यात अनेक ऑक्साइडं जितकी तापतात तितक्या अधिक लहरी शोषतात, त्यामुळे एखादा ठिपका भडकतो आणि शेजार मागे राहतो. टायटॅनियम डायऑक्साइडच्या एकाच मुशीत मग इथे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं अ‍ॅनाटेज, तिथे ३.० चं रुटाइल हे त्याचेच दोन स्फटिकप्रकार, आणि आलेखात दोघांची सरमिसळ. ‘८०० वॅट, ५ मिनिटं’ ही ओव्हनची सेटिंग झाली, नमुन्याचं तापमान नव्हे. तेवढ्याच तापमानाला, तेवढ्याच वेगाने साध्या भट्टीत तापवलेला नमुना शेजारी ठेवलेला नसेल, तर कोणत्याही शोधनिबंधाने बदलाचं श्रेय मायक्रोवेव्हला देऊ नये.