पवईचा तलाव आणि पावसानंतरचा गळ

१८९१मध्ये बांधलेला पवई तलाव मुसळधार पावसात भरून वाहू लागला की त्याचं पाणी मिठी नदीत उतरतं. गळ टाकणाऱ्यांसाठी हे दिवस वेगळेच. डोंगराकडून येणारे ओहोळ गांडुळं, किडे, कुजका पाला घेऊन येतात आणि मासे त्यांच्या मुखाशी गोळा होतात. बसायची खरी जागा तीच.

पाणी मात्र चहासारखं गढूळ. अशा वेळी रोहू, मृगळ नजरेपेक्षा वासावर जास्त येतात, म्हणून कणीक आणि भाजलेल्या पेंडीचा घट्ट गोळा उपयोगी पडतो. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात, कटला वरच्या. गळाची खोली त्यानुसार धरावी.

अमेरिकी तळ्यांत बास मासा जसा दबा धरतो, तसा इथे मरळ. हवेतूनही श्वास घेणारा हा मासा काठच्या गवतात निश्चल उभा राहतो. बेडकाची हालचाल जाणवताच पाणी एकदम फुटतं. पावसाळ्यात मरळीची नर-मादी पिल्लांच्या लालसर थव्याची राखण करतात. अशा जोडीला गळ लावूच नये, कारण पालक गेले की थवा इतर माशांच्या पोटात जातो.

तलावात मगरी आहेत. निसरड्या काठावर पाण्यात पाय सोडून बसू नये.