दहा सेकंदांचे पन्नास

सिद्धेश्वर तळ्यात रात्री उतरलेलं देवळाचं प्रतिबिंब टिपायला गेलो आणि माझा पहिला अख्खा रोल वाया गेला. फिल्म होती ट्राय-एक्स 400. अंधार म्हटला की जास्त वेगाची फिल्म घ्यायची, हे स्टुडिओत काम शिकताना डोक्यात पक्कं बसलं होतं. मीटरनं दहा सेकंद सांगितले, मी दहाच दिले. रोल धुतला तर दिव्यांचे तेवढे काळे ठिपके, बाकी निगेटिव्ह कोरी. देऊळ नाही, पाणी नाही.

स्टुडिओवाल्या काकांनी निगेटिव्ह खिडकीसमोर धरली आणि म्हणाले, "फिल्म थकली बघ."

खोक्यावरचा वेग खरा असतो तो थोड्या वेळाच्या एक्स्पोजरपुरता. प्रकाश थेंबथेंब यायला लागला की चांदीच्या क्षारावर पहिल्या थेंबाचा झालेला परिणाम दुसरा येईपर्यंत विरून जातो. ताऱ्यांचे फोटो काढताना कार्ल श्वार्झशिल्डनं हे 1900 च्या सुमारास मोजलं होतं. ट्राय-एक्ससाठी कोडॅकचाच तक्ता आहे: मीटरनं 1 सेकंद सांगितला तर 2 द्या, 10 ला 50, आणि 100 ला 1200. म्हणजे तब्बल वीस मिनिटं!

मग हातात आली फुजीची नियोपॅन ॲक्रॉस 100. दोन मिनिटांपर्यंत हिला एक सेकंदही वाढवून द्यावा लागत नाही, त्यापुढे हजार सेकंदांपर्यंत फक्त अर्धा स्टॉप. आता हिशोब करा. चारशेच्या फिल्मवर दहा सेकंद, तर शंभरवर चाळीस. पण ट्राय-एक्सला प्रत्यक्षात लागतात पन्नास, आणि हिला चाळीस म्हणजे चाळीसच. जिथं ट्राय-एक्सला वीस मिनिटं, तिथं हिचं काम चारशे सेकंद आणि वर अर्धा स्टॉप, म्हणजे साधारण साडेनऊ मिनिटांत होतं. अंधारात ही हळू फिल्मच पुढे निघते.

ॲक्रॉस भरून पुन्हा तळ्याच्या काठावर केबल रिलीज लॉक करून उभा होतो. रखवालदार आले. "काय ओ, एक फोटो काढायला एवढा वेळ?" त्यांना घड्याळ दाखवलं, तर शटर बंद होईपर्यंत ते शेजारीच थांबले. बॅटरी मात्र आठवणीनं विझवली त्यांनी. त्या निगेटिव्हमध्ये देवळाच्या पायऱ्या मोजता येतात.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचं दारूकाम टिपायचं असेल, तर मात्र ती थकणारी ट्राय-एक्सच उपयोगी पडते. आतषबाजीची रेघ क्षणात उमटते, तिचा उजळपणा ॲपर्चर ठरवतं. शटर उघडं राहिलं तरी आभाळ काळंच राहतं, कारण तिथला मंद प्रकाश ही फिल्म फारसा धरत नाही. दोन बारांच्या मध्ये लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा, बस.

फुजीनं ॲक्रॉस 2018 मध्ये बंद केली, तेव्हा जीव हळहळला होता. 2019 मध्ये ती 'ॲक्रॉस 2' म्हणून परत आली. रात्रीसाठी फिल्म घेणार असाल, तर खोक्यावरच्या आकड्याआधी कंपनीचा वाढीव वेळेचा तक्ता बघा.