आकाशातले अंतर, रानातले अंतर

मुंबईहून नागपूर विमानाने सुमारे ७०० किलोमीटर. दीड तासाचे काम. तिथून भामरागड रस्त्याने त्याच्या निम्मेच, पण आष्टी, आलापल्ली करीत पोचेपर्यंत अख्खा दिवस मोडतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. कलेक्टर कचेरी जवळ आली म्हणतात. भामरागडकराला ती पावणेदोनशे किलोमीटरांवरच राहिली!

१९७३ साली बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प काढला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायलाच गेले, म्हणून अडलेल्या माडिया बाळंतिणीला खाटेवर घालून दवाखान्यात नेता येऊ लागले. तेही उघडिपीत. श्रावणात पर्लकोटेचे पाणी जुन्या ठेंगण्या पुलावर चढे. मग अलीकडे हेमलकसा, पलीकडे भामरागड, आणि मधले जेमतेम तीन किलोमीटर पूर ओसरेपर्यंत ओलांडता येत नसत.