पुढं चार, मागं चार आणि मधे फक्त दोन : ब्राझीलची ४-२-४ नेमकी चालायची कशी?

फुटबॉलमध्ये फॉर्मेशनचे आकडे गोलकीपर सोडून मागून पुढे वाचतात. म्हणजे ४-२-४ मध्ये बचावाला चार, मिडफिल्डला दोन आणि हल्ल्याला थेट चार जण.

ही फॉर्मेशन जगभर गाजली ती १९५८ च्या स्वीडनमधल्या वर्ल्डकपमुळं. कोच व्हिसेंते फियोला यांच्या ब्राझीलकडं पुढं गारिंचा, वावा, १७ वर्षांचा पेले आणि झगालो. मधे झिटो आणि दिदी.

त्या काळात बऱ्याच टीम तीनच बचावपटू ठेवायच्या. तिघांसमोर चौघे आले की हिशोब तिथंच बिघडायचा. त्यात दोन विंगर मैदानाच्या कडेला चिकटून उभे. त्यांना अडवायला जावं तर मधे भगदाड, मधे थांबावं तर कडेनं क्रॉस येणार. फायनलमध्ये तेच झालं. स्वीडननं चौथ्याच मिनिटाला गोल मारला होता. मग गारिंचा उजवीकडून दोनदा आत घुसला, दोनदा बॉल गोलसमोर दिला आणि दोन्ही वेळा वावानं तो जाळ्यात ढकलला. मॅच ब्राझीलनं ५-२ अशी जिंकली.

मग सगळ्याच टीम अशा का खेळत नाहीत?

कारण मधले ते दोघे. अख्खं मिडफिल्ड त्यांनीच सांभाळायचं. समोरच्यानं तिथं तीन माणसं ठेवली की एक जण कायम मोकळा. त्याच्याकडं बॉल गेला की तुमचे पुढचे चौघे नुसते बघत राहतात, आणि काउंटर अटॅक थेट बचावावर येऊन आदळतो. फुलबॅकही वर गेलेला असेल तर विचारायलाच नको.

ब्राझीलनं यावर तोड काढली होती, तिचं नाव झगालो. कागदावर लेफ्ट विंगर, पण बॉल गेला की गडी धावत मागं, मिडफिल्डमध्ये तिसरा. या पळापळीमुळं त्याला ‘छोटी मुंगी’ म्हणायचे. गारिंचा, पेलेच्या गर्दीत त्याचं नाव मागं पडतं, पण खरं तर त्याच्याचमुळं बाकीच्यांना मोकळं खेळता आलं. सेमीफायनलपर्यंतच्या चार मॅचमध्ये ब्राझीलनं एकही गोल खाल्ला नव्हता!

१९६२ ला चिलीमध्ये तर झगालो इतका मागं खेळला, की फॉर्मेशन जवळपास ४-३-३ च झाली. वर्ल्डकप तेव्हाही ब्राझीलनंच नेला.

आज सुरुवातीपासून ४-२-४ क्वचित दिसते. पण शेवटची दहा मिनिटं उरलीत, टीम एका गोलनं मागं आहे आणि कोच मिडफिल्डर काढून स्ट्रायकर आत पाठवतोय, असं दिसलं तर आकडे मोजून बघा.